पोर मान वळवती का

बायको पावसाळ्याच्या तोंडाला गेली. तेव्हापासून माझे हात रिकामे पडलेत. असं म्हटलं की लोकांना कळत नाही, त्यांना वाटतं म्हातारा कामधंद्याचं बोलतोय. म्हणून आधी हातांचं सांगतो.

आम्ही दोघंही सोलापूरच्या गिरणीतली माणसं. ती रिळखात्यात, सुताच्या लडी करायला. मी साचेखात्यात, म्हणजे जिथं कापड विणतात तिथं. शेकडो साचे एकदम चालतात. शेजारचा माणूस कानाला तोंड लावून ओरडला तरी कळत नाही, म्हणून तिथं ओरडायच्या भानगडीत कोणी पडत नाही. हातानं, डोळ्यांनी, भुवयांनी बोलायचं. मिशीला पीळ दिल्यासारखं केलं की जॉबर, म्हणजे खात्यावरचा मुकादम, आला. कपाळाशी आडवा हात धरला की टोपीवाला साहेब. दोन बोटं ओठांना लावली की चल, बिडी ओढून येऊ. कानाला बोट लावून पंजा उलटा केला की बहिरा. कानशिलाशी बोट फिरवलं की खुळा. शिव्या तर तोंडापेक्षा हातानं चांगल्या देता येतात, आणि साहेबाला कळत नाहीत.

लग्नानंतर थोड्या वर्षांत मला घरीसुद्धा कमी ऐकू यायला लागलं. बायको दोनदा-तीनदा तेच सांगून कंटाळायची. मग तीही हात शिकली. आमच्या घरात भाकरी, पाणी, दुखतंय, झोप, ये, नको, हे सगळं हातानंच चालायचं. चाळीत आम्ही वरच्या मजल्यावर. पायाखाली लाकडी फळ्या होत्या. कुणाला बोलवायचं तर टाच आपटायची, फळी हलली की माणूस वळून बघतो.

अशा घरात आमची पोर वाढली. आधीची दोन राहिली नव्हती. ही राहिली, म्हणून तिच्यावर आमचा लई जीव. मी दोन बोटं ओठांना लावली की कोनाड्यातली बिडी आणि काड्याची पेटी घेऊन यायची. टाच आपटली की मान वळवायची. मला वाटायचं, पोर हुशार आहे, एका खुणेत समजते. तीन वर्षांची झाली तरी आई म्हणेना, बाबा म्हणेना. चाळीतल्या बायका म्हणायच्या, काही पोरं उशिरा बोलतात. मलाही तेच पाहिजे होतं.

शेजारी एक तेलगू विणकराची बायको होती. तिला सगळे अक्का म्हणायचे. एकदा दुपारी जिन्यावरून कुणाची तरी पाण्याची घागर निसटली आणि आपटत आपटत खाली गेली. खाली दगडी ओट्यावर पोरं खेळत होती. सगळी दचकली, दोन रडायला लागली. आमची तेवढी चिंचोके मांडत बसली होती ती तशीच बसून राहिली. अक्कानं ते बघितलं आणि संध्याकाळी बायकोला सांगितलं. बायकोनं पोरीला ओट्यावर बसवून तिच्या पाठीमागं पातेल्यावर झाकणी बडवली, पोर हलली नाही. मग मी घरी आल्यावर तिनं मला सगळं सांगितलं.

मी चिडलो. म्हणालो, त्या बाईला दुसऱ्याच्या पोरांची उठाठेव कुणी सांगितलीय. पोर तिकडं भिंतीकडं तोंड करून बसली होती. मी हाक मारली आणि टाच आपटली. पोरीनं वळून बघितलं.

"बघ," मी म्हणालो.

बायकोनं माझ्या पायाकडं बघितलं. "आता पाय न आपटता हाक मारा की," ती म्हणाली.

मी बिडी घेऊन खाली गेलो. हाक मारली नाही.

नंतरचं एक वर्ष मी पोरीला लपवण्यात घालवलं, दुसरा शब्द नाही त्याला. मोहोळला मेव्हण्याचं लग्न होतं. पोरीला ताप आहे असं सांगून आम्ही दोघंच गेलो, आणि पोरीला ठेवलं कुणाकडं, तर ज्या अक्काला मी नावं ठेवली होती तिच्याचकडं. अक्कानं ठेवून घेतलं, वर लग्नाला लाडू होते का म्हणून विचारलं. आणखी एकदा नव्या पेठेत परकराचं कापड घ्यायला पोरीला घेऊन गेलो होतो. दुकानात रंगीत छिटं टांगलेली. ती बघून पोर हरखली आणि तिच्या घशातून एक आवाज निघाला, जाडा, मोठा, माणसाच्या पोरासारखा न वाटणारा. दुकानदारानं मान वर केली. गिऱ्हाइकं बघायला लागली. मी तिचं बोट सोडलं आणि पुढं सरकलो, जशी काय ती दुसऱ्या कुणाबरोबर आलीय. तिला त्यातलं काही कळलं नाही. ती माझ्या मागं आली आणि परत बोट धरलं. कापड न घेताच आम्ही घरी आलो.

तीस साली सोलापुरात मार्शल लॉ लागला त्यानंतर दोनेक वर्षांनी गिरणीच्या पाळणाघरात मोठ्या पोरांसाठी एक बालवर्ग सुरू झाला. पाळणाघर म्हणजे कामावरच्या बायकांची तान्ही पोरं ठेवायची खोली. तोवर तिथं पोरं नुसती झोपायची. बायका सकाळी पाजताना मोहरीएवढी अफूची गोळी द्यायच्या, म्हणजे भोंगा होईपर्यंत पोर रडत नाही आणि आईला खातं सोडून जावं लागत नाही. माझ्या बायकोनंही दिली. सगळ्याच देत होत्या, त्यांच्या आयांनीही दिली होती.

बालवर्गाला एक शिकवणारी बाई ठेवली. महिन्याभरातच तिनं बायकोला बोलावून सांगितलं की, ही मुलगी सांगितलेलं काही करत नाही, गाणं चाललं की उठून दाराशी जाते, दुसऱ्यांच्या तोंडाला हात लावून बघते. मुलगी खुळी दिसते. पुढल्या खेपेला डॉक्टरीणबाई येतील त्या तपासतील, आणि खुळी म्हणाल्या तर नाव काढावं लागेल, पाळणाघरातसुद्धा ठेवता येणार नाही.

बायकोनं हे मला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. पाळणाघर बंद म्हणजे तिचं काम बंद. पण त्यापेक्षा पोरीच्या कपाळावर एकदा खुळी लिहिलं की ते कुणी पुसत नाही, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. मी काय बोलायला पाहिजे होतं आणि काय बोललो.

"तूच अफू चारून चारून पोरीचं डोकं घालवलंस," मी म्हणालो.

परातीतली भाकरी तिनं उचलली, पण तव्यावर टाकली नाही. हातातच धरून बसली. मधोमध चीर गेली तेव्हा तिनं तिचा परत गोळा केला आणि पुन्हा थापायला घेतली. मी तिला हे नंतर पुन्हा कधी म्हटलं नाही. परत घेतलंही नाही.

डॉक्टरीणबाई आल्या त्या दिवशी मी जॉबरकडून सुट्टी मागून पाळणाघरात गेलो. जॉबर माझ्या मागोमाग आला. म्हणाला, गडबड काय हाय बगू तरी. रिळखात्यातल्या दोन-चार बायकाही दारात येऊन उभ्या राहिल्या. बायको कोपऱ्यात पदर तोंडाला लावून उभी. खोलीत शहाबादी फरशी होती. मी आत पाय टाकला आणि खाली बघितलं. फरशीवर टाच आपटून काही उपयोग नव्हता.

डॉक्टरीणबाई उंच, पांढरं लुगडं नेसलेल्या. पोरीला त्यांनी स्टुलावर बसवलं, तोंड माझ्याकडं. स्वतः तिच्या मागं गेल्या आणि टाळी वाजवली.

पोर माझ्याकडं बघून हसत होती.

त्यांनी पुन्हा टाळी वाजवली, जोरात. दारातल्या एका बाईनं दुसरीला कोपर मारलं. जॉबरनं तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात घेतली आणि माझ्याकडं बघितलं. मला सहन झालं नाही. तिसरी टाळी झाली तशी मी भुवया उडवल्या आणि डोळ्यांनी खूण केली, मागं बघ. साचेखात्यात जॉबर पाठीशी आला की आम्ही एकमेकांना करतो ती. पोरीनं लगेच मान वळवली.

"व्हय, ऐकती की," दारातली बाई म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी काहीतरी लिहिलं. मग पिशवीतून पितळेची लहान घंटा काढली. त्यांनी ती वाजवली, मी खूण केली, पोर वळली. मला वाटलं, निभलं. पुन्हा वाजवली, पुन्हा मी खूण केली, पण ह्या वेळी पोर वळायच्या आत बाईंनी घंटा पदराआड घेतली. पोरीला मागं काही दिसलं नाही. ती माझ्याकडं फिरली, दोन्ही पंजे उलटे केले, काही नाही तिकडं, काय बघू? आणि मग तिनं आपल्या इवल्या ओठावर मिशीला पीळ दिला आणि भुवया उडवून मलाच विचारलं, जॉबर आला काय?

जॉबर दारातच उभा होता. साचेखात्यातली ही खूण त्याला ठाऊक नसायला तो काय कालचा होता? तो खो-खो हसला. दारातल्या बायका हसल्या. मी पण हसलो असेन, मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्या पोरीच्या मागून पुढं आल्या आणि माझ्या आणि तिच्या मध्ये उभ्या राहिल्या, माझ्याकडं पाठ करून. पाळणाघरातल्या आयाला म्हणाल्या, आता तू मागून वाजव. आयानं घंटा वाजवली. खूप वेळ वाजवली. पोर बाईंच्या लुगड्याच्या काठाशी खेळत बसली होती.

"तुम्ही बाहेर थांबा," बाई मला म्हणाल्या.

तिथून दारापर्यंत जाताना मला वाट द्यायला त्या बायका बाजूला झाल्या. आजही तो रस्ता मला लांब वाटतो. जॉबर माझ्याबरोबर बाहेर आला नाही. तो आतलं बघायला थांबला.

खिडकीतून मी बघत होतो. बाईंनी पोरीपुढं लाकडी ठोकळे मांडले आणि पाडले, तिनं तसेच मांडले. काड्यांचं घर केलं, तिनं केलं, वर एक काडी जास्तीची लावून धूर काढला. लहान डबी मोठ्या डबीत घालायचं होतं, ते तिनं बाईंनी दाखवायच्या आधीच केलं. मग बाईंनी मला आत बोलावलं.

"मघाशी तिनं हातानं काय विचारलं?" त्यांनी मला विचारलं.

बायकोनं पदर खाली घेतला.

"तितं कायच न्हाय, काय बगू, म्हणली," ती म्हणाली. "आन मग इचारलं, जॉबर आला का म्हून."

"हे तिला कुणी शिकवलं?"

"आमी घरात असंच बोलतो, बाई. ह्येंच्या खात्यातलं हाय त्ये."

बाईंनी ते कागदावर लिहून घेतलं. मग त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं, आणि जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो. मुलगी खुळी नाही. तिला ऐकू येत नाही, बहुतेक अगदीच येत नाही. ऐकू येत नाही म्हणून बोलत नाही, आणि बोलत नाही म्हणून बाकीच्यांना खुळी वाटते. बालवर्गात ती गाण्याच्या वेळी उठून जाते, कारण तिच्यापुरतं तिथं काही चाललेलंच नसतं. दुसऱ्यांच्या तोंडाला हात लावते, कारण तोंड हललं की काय होतं ते तिला शोधायचं असतं. त्यातलं निम्मं बायको मला वर्षभर सांगत होती, वेगळ्या शब्दांत.

मग बायकोनं फरशीकडं बघत विचारलं, "अफूनं झालं का, बाई?"

"तुम्ही देत होता?"

"व्हय."

"देऊ नये. पोर किडकिडीत होतं, दगावतंही. पण ऐकू न येणं त्यानं नाही झालेलं. जन्मापासून असेल, नाहीतर कुठल्या तापात गेलं असेल. ते तुमच्या हातचं नव्हतं."

बायकोनं माझ्याकडं बघितलं. रागानं नव्हे, नुसतं बघितलं, ऐकलंत ना म्हणून. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. बाहेर कापसाच्या गासड्यांची गाडी उभी होती, तिच्या बैलांकडं बघत राहिलो.

उठताना बाईंनी मला एकच विचारलं. "खूण कशासाठी केलीत? तिच्यासाठी?"

मी पोरीला स्टुलावरून उतरवलं. मुंबईला अशा मुलांची शाळा आहे, तिथं राहायची सोय आहे, ओठ बघून समजायला आणि तोंडानं बोलायला शिकवतात, लवकर घातलं तर जास्त येतं, एवढं त्यांनी सांगितलं. मी म्हणालो, बघू. बायको म्हणाली, धाडू.

दुसऱ्या दिवशी साचेखात्यात मी माझ्या साच्यांमध्ये उभा राहिलो आणि वर बघितलं तर पार टोकापर्यंत हात हलत होते. साचेखात्यात गुपित राहत नाही. तिथं कुजबुजता येत नाही, जे बोलाल ते सगळ्या रांगेला दिसतं. मिशीला पीळ, मग हसणं. कानाला बोट. कानशिलाशी बोट. एकानं मला सरळच विचारलं, दोन्ही खुणा करून, हे का ते? बहिरी का खुळी?

मला वाटलं, खाली बघून धोटा बदलावा. पण धोट्यातली सुताची कांडी अजून भरलेली होती, हाताला काम नव्हतं. मी कानाला बोट लावलं आणि पंजा उलटा केला. मग कानशिलाशी बोट नेलं आणि जोरात हात हलवून नाही म्हटलं. सगळ्या रांगेनं बघितलं. माझी मान पोळल्यासारखी तापली होती.

पलीकडच्या रांगेत एक म्हातारा साचेवाला होता, आम्हा सगळ्यांच्या आधीचा. त्याला भोंगासुद्धा ऐकू येत नसे, माणसं उठली की तो उठायचा. त्यानं कानाला बोट लावलं, पंजा उलटा केला, मग ते बोट गोल फिरवून सगळ्या खात्यावरून नेलं, स्वतःवर आणलं आणि शेवटी माझ्यावर रोखलं. म्हणजे, आपल्यासारखीच की.

खातं हसलं. वाईट हसू नव्हतं ते, हे आता कळतं. पण मी तेव्हा हसू शकलो नाही. माझे कान दहा वर्षं झाली जात आले होते आणि मला त्याची कधी लाज वाटली नव्हती. उलट, जुना साचेवाला म्हणून मिरवत होतो.

तरी मी पोरीला पाठवायला आणखी बरेच महिने लावले. कधी म्हणालो लहान आहे, कधी म्हणालो मुंबईचं पाणी सोसायचं नाही. खरं म्हणजे एकदा त्या शाळेत घातली की ते गावभर कायमचं झालं, मागं घेता येणार नाही, असं वाटायचं. बायको भांडली नाही. ती डॉक्टरीणबाईंकडं जात राहिली, त्यांनी तिकडं कळवलं, आणि एक दिवस तिनं पोरीचे दोन परकर, फणी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दाराशी ठेवली आणि मला म्हणाली, "तुमी येताय का अक्काला न्हेऊ?"

मी गेलो.

शाळा नीटनेटकी होती. अंगणात मुलं होती, पण गलका नव्हता. मुख्य मास्तर कोट घातलेले, बोलायला मऊ. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या. गिरणीतल्या माणसाला कोटवाल्यानं खुर्ची दिली की तो निम्मा तिथंच वाकतो. त्यांनी सगळं समजावून सांगितलं आणि शेवटी म्हणाले, एक गोष्ट पाळावी लागेल. हातानं बोलणं बंद. इथं आम्ही करत नाही आणि सुट्टीत घरीही तुम्ही करायचं नाही. हात मिळाले की मूल तोंड वापरत नाही. तिच्यासमोर उभं राहून सावकाश, तोंड हलवून बोला, सुरुवातीला तिला कळणार नाही, पण हात मागं ठेवा.

मी होय म्हणालो. लगेच म्हणालो. मला ते बरंच वाटलं, खरं सांगतो. नव्या पेठेत, लग्नात, स्टेशनात चारचौघांत हातवारे करायला नकोत, तोंडानं बोलणारी पोर घेऊन फिरता येईल, हे माझ्या मनात आलं. बायकोनं आपले हात पदराखाली घेतले.

निघताना एका बाईनं पोरीचा हात धरला. मास्तर पायरीवर उभे होते. पोरीला आता कळलं की आम्ही जाणार आणि ती राहणार. ती रडली नाही. तिनं हात सोडवून घेतला आणि आम्हाला खुणेनं विचारलं, तुम्ही परत कधी?

माझे हात कोटाच्या खिशात होते. त्या दिवसापुरता उसना आणलेला कोट. मी मास्तरांकडं बघितलं आणि पोरीसमोर वाकून, सांगितल्याप्रमाणे, सावकाश, तोंड मोठं उघडून म्हणालो, "दिवाळीला."

ती माझ्या तोंडाकडं बघत होती. परत विचारलं, कधी? मी परत म्हणालो, दिवाळीला. तिनं माझ्या खिशांकडं बघितलं.

बायकोनं पदरातून हात बाहेर काढले. डाव्या हाताची पणती केली, उजव्या हाताचं एक बोट तिच्यावर उभं धरून ज्योतीसारखं हलवलं, मग स्वतःकडं आणि माझ्याकडं बोट दाखवून पोरीच्या पायाशी आणलं. पणत्या लागल्या की आम्ही इथं. पोरीनं मान हलवली. एकदा स्वतः करून बघितली ती पणती, बरोबर केली का म्हणून आईकडं बघितलं, आणि मग त्या बाईबरोबर आत गेली.

मास्तर नुसते खाकरले. आणि मला लाज वाटली ती बायकोची. चांगल्या माणसानं सांगितलेलं तिनं दारातच मोडलं, अडाणी ती अडाणीच, असं वाटलं मला. मी मास्तरांना नमस्कार करून दोनदा माफी मागितली, तिच्या देखत.

स्टेशनापर्यंत बायको माझ्या पुढून चालत होती. गाडीत बसल्यावर मी हातानं विचारलं, पाणी पाहिजे का. तिनं माझ्या हातांकडं बघितलं आणि खिडकीकडं तोंड फिरवलं. मोहोळ मागं पडलं, सोलापूर आलं, तरी ती ना तोंडानं बोलली, ना हातानं.